मुरमाच्या रस्त्यावरील लाटा

दरवर्षी आगमनकाळात देवळात यशया संदेष्ट्याचा तो उतारा वाचला जातो. अरण्यात प्रभूसाठी वाट तयार व्हावी, उंच ते खाली यावे, खोल ते भरून निघावे, खडबडीत ते सपाट व्हावे, असा त्याचा आशय. बाबिलोनच्या बंदिवासात खचलेल्या लोकांना धीर देणारी ही वाणी होती, असे आम्ही प्रवचनात सांगतो आणि मग शिरस्त्याप्रमाणे अंतःकरणाच्या वाटेकडे वळतो. देवळाबाहेरच्या वाटेविषयी सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आगमनकाळ आणि उसाचा हंगाम एकाच सुमारास भरात येतात. प्रवरा आणि गोदावरीच्या काठची शिवारे या दिवसांत रिकामी होऊ लागतात. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मालट्रका, टायरच्या बैलगाड्या रात्रंदिवस कारखान्यांची वाट धरतात. आणि वाचनपीठावरून सपाट वाटेची वचने ऐकून बाहेर पडलेला भाविक ज्या मुरमाच्या रस्त्याने वस्तीवर परततो, त्या रस्त्यावर आडव्या लाटा उठलेल्या असतात.

ज्यांनी असा रस्ता अनुभवला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. शहरी वाचकांसाठी सांगतो. हात-दीड हाताच्या अंतराने एक उंचवटा, मग खोलगट, पुन्हा उंचवटा, पुन्हा खोलगट, असे फर्लांगच्या फर्लांग. जणू कोणी पन्हळी पत्रे आडवे अंथरून वर मुरूम पसरला आहे. सायकलवाल्याचे दात वाजतात, दुधाच्या किटलीचे झाकण उडते, मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन बसलेली म्हातारी टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. ही काही केवळ आमच्या जिल्ह्याची मिरास नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात, आफ्रिकेच्या रखरखीत मुलखात, कॅनडाच्या खेड्यांत, जेथे जेथे कोरड्या आणि सुट्या कणांच्या रस्त्यावरून वाहने धावतात तेथे तेथे हीच नक्षी उमटते. माती निराळी, वाहने निराळी, सरकारे निराळी, लाटा त्याच.

चाकाच्या खुणेला मराठीत एक जुना शब्द आहे, चाकोरी. लोखंडी धावेच्या बैलगाडीने वर्षानुवर्षे एकाच रेघेत जाऊन पाडलेले दोन चर. चाकोरी वाटेच्या दिशेनेच धावते आणि तीत उतरलेले चाक सहजासहजी बाहेर निघत नाही, म्हणून तो शब्द आपण माणसाच्या आयुष्यालाही लावला. या आडव्या लाटांना मात्र तसे स्वतःचे नाव मिळाले नाही. लोक ‘रस्त्याचा पत्रा झाला’ एवढेच म्हणतात. कारण उघड आहे. चाकोरी हे बैलाच्या चालीचे काम, लाट हे वेगाचे. आपल्या भाषेचे बहुतेक शब्द ज्या काळात घडले त्या काळात आपण एवढ्या घाईत नव्हतो.

हा रस्ता असा कोणी केला? वस्त्यांवर हिंडताना आम्ही हा प्रश्न अनेकांना विचारला आहे. ट्रॅक्टरवाला म्हणाला, मालट्रकांनी. मालट्रकवाला म्हणाला, ठेकेदाराने, त्याने नुसता खडा मुरूम ओतला, बांधून ठेवणारी माती घातली नाही, पाणी मारले नाही. दुकानदार म्हणाला, मोटारसायकली उडवणाऱ्या पोरांनी. पोरे म्हणाली, कारखान्याने. ‘मी’ असे कोणी म्हणाले नाही, आणि त्यांच्यापैकी कोणी खोटे बोलत होते असेही नव्हे. एका गाडीने रस्ता बिघडत नाही हे खरेच आहे. हजार गाड्या गेल्यावरसुद्धा अमुक गाडीने अमुक उंचवटा केला असे कोणी दाखवू शकणार नाही. नुकसान डोळ्यांसमोर आहे आणि कर्ता कोठेच सापडत नाही. नीतिशास्त्रातील ही मोठी अवघड जागा आहे. आम्ही आज तेथेच थांबावयाचे ठरविले आहे.

निवाडा करण्यापूर्वी घटना नीट समजून घ्यावी, हा आमच्या गुरुविद्यालयातील जुना दंडक. तेव्हा आधी लाट कशी उठते ते पाहू. २००७ साली ताबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या फ्रान्स, कॅनडा व इंग्लंड येथील तीन भौतिकशास्त्रज्ञांनी या विषयावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी एका गोल फिरत्या पात्रात वाळूचा जाड थर पसरला, वर दांड्याला जोडलेले एक चाक टेकविले आणि पात्र फिरविले. चाक जागच्या जागी, रस्ताच खालून सरकणारा. वेग कमी असेतो वाळू सपाट राहिली. बारीकसारीक उंचवटे चाकाखाली दबून नाहीसे झाले. वेगाने एक ठरावीक मर्यादा ओलांडली तेव्हा मात्र कोठेतरी लाटांचा लहानसा पट्टा उमटला, तो पसरत गेला आणि अखेर सगळा फेरा लाटांनी भरून गेला. याचे कारण समजण्यास कठीण नाही. वेगात असलेले चाक बारीकशा उंचवट्यावर चढते, किंचित उसळते, पलीकडे जरा जोराने उतरते आणि तेथील वाळू पुढे लोटते. तेथे खोलगट पडते, त्यापुढे नवा उंचवटा उभा राहतो. मागून येणारे चाक त्याच उंचवट्यावर चढते आणि आधीच्यापेक्षा अधिक उसळते. पाण्यावर सपाट दगड भिरकावला की तो टप्पे घेत जातो, त्याच जातीचा हा प्रकार. आणि या लाटा एका जागी राहत नाहीत. चाक ज्या दिशेने जाते त्या दिशेने त्याही हळूहळू सरकत राहतात.

आम्हांला या प्रयोगांत सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांतून काय काय वगळले गेले ते. वाहनांच्या स्प्रिंगमुळे लाटा उठतात असा अनेकांचा समज होता. स्प्रिंग नसलेल्या चाकानेही त्या उठल्या. वाळू कमीअधिक दबली जाते, लहानमोठे कण वेगवेगळे होतात, त्यामुळे हे होत असेल असे म्हणावे, तर संगणकावर केलेल्या आकडेमोडीत या दोन्हींवाचून लाटा उभ्या राहिल्या. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चाकही काढून टाकले गेले आणि त्या जागी एक तिरपे पाते वाळूवरून ओढण्यात आले. न फिरणारे, नुसते ओढले जाणारे पाते. तरीही लाटा उठल्याच. शेतकरी घरांतील वाचकांना याचे फारसे नवल वाटू नये. ढेकळे फुटल्यावर रानावर फळी मारताना बैल दमाने चालवावे लागतात. बैल बिचकून पळू लागले की फळी उड्या घेते आणि सपाट करावयाला घेतलेले रान चढउताराचे होऊन बसते. अशा रीतीने स्प्रिंग, कण, चाक अशा एकेक सबबी बाजूला होत गेल्या आणि उरला तो वेग. वाहनाचे वजन, चाकाची रुंदी यांनी वेगाची ती मर्यादा मागेपुढे होते, हे खरे. पण मुरूम कसा पडावा हे गाडीवानाच्या हाती नसते, वजनही पुष्कळदा नसते. वेग तेवढा त्याच्या हाती असतो.

पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत ते पाहण्यास आम्ही एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन गेलो होतो. काळ्या कातळात माणूस मावेल एवढे गोल, गुळगुळीत रांजण. पुराच्या पाण्याबरोबर आलेले दगडगोटे कातळातील लहानशा खळग्यात अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि खळगा कोरत जातात. खळगा आहे म्हणून दगड अडकतो आणि दगड अडकतो म्हणून खळगा वाढतो. एका मुलीने विचारले, ‘फादर, मग पहिला खळगा कोणी केला?’ आम्ही तेव्हा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज वाटते, तिचा प्रश्नच थोडा बाजूला सारावयास हवा होता. पहिला खळगा कोणत्याही कातळात असतोच. तो वाढीस लागतो की नाही, हे पुढे काय काय त्यात येऊन पडते यावर ठरते.

संत थॉमस अक्वायनस यांनी सवयीविषयी विवेचन करताना थेंबांनी पोखरल्या जाणाऱ्या दगडाचा जुना दाखला घेतला आहे. दगडाला भोक पाडतो तो शेवटचा थेंब खरा, परंतु तो आपल्या आधीच्या सर्व थेंबांच्या बळावर पाडतो. हे एका माणसाच्या सवयीविषयी झाले. थेंब अनेकांचे असतील तर? या प्रश्नाला विसाव्या शतकात मोठी धार आली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २ डिसेंबर १९८४ रोजी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी, समेट आणि प्रायश्चित्त या विषयावरील आपले प्रबोधनपत्र दिले. त्यात सामाजिक पापाचा विचार आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की समाजव्यवस्थेत साचलेले पाप हे अनेकांच्या वैयक्तिक पापांचे साचणे आहे. व्यवस्था स्वतः पाप करीत नाही, माणसे करतात, आणि त्या माणसांत केवळ अन्याय करणारे येतात असे नव्हे, तर अन्याय थांबविणे शक्य असूनही आळसाने, भीतीने किंवा ‘जग काही बदलत नाही’ असे म्हणून गप्प बसणारेही येतात. तीन वर्षांनी, १९८७ च्या अखेरीस दिलेल्या परिपत्रकात त्यांनी पापाच्या संरचनांविषयी अधिक विस्ताराने लिहिले.

आम्हांला हे विवेचन पटते, पण त्यातून सुटका होत नाही. सर्वांचे पाप म्हटले की पुष्कळांना हायसे वाटते, कारण सर्वांचे म्हणजे आपले एकट्याचे नव्हे. मिस्सेच्या आरंभी आपण पापांगीकार करतो तेव्हा चर्चने तेथे ‘मी’ हे सर्वनाम योजिले आहे. शेजारचा, मागच्या बाकावरचा, सगळी मंडळी एकाच वेळी, एकाच आवाजात बोलतात आणि तरीही प्रत्येक जण ‘मी’ म्हणतो. त्याच मिस्सेत थोड्या वेळाने प्रभूची प्रार्थना येते आणि तेथे क्षमा मागताना आपण ‘आम्ही’ होतो. नियतकालिकांत लिहिताना ‘आम्ही’ म्हणण्याची जुनी रीत आम्ही या लेखातही पाळली आहे; ती सोयीची आहे, कारण तिच्यामागे बरेच काही लपविता येते. पापनिवेदनाच्या खोलीत ती चालत नाही.

हा हिशेब रस्त्यापुरताच असता तर वाचकांचा एवढा वेळ आम्ही घेतला नसता. आमच्याच धर्मग्रामांत गेल्या पंचवीस वर्षांत लग्नाचा खर्च कसा वाढत गेला ते पाहावे. एका घरी बुंदीबरोबर जिलेबी आली, पुढच्या घरी तिसरा गोड पदार्थ आला. कोणी बँडऐवजी डीजे आणला. मग मांडवाच्या जागी मंगल कार्यालय, नवरदेवाला घोडा, मानपानाचे टॉवेल-टोपीवरून पोशाखावर जाणे, आणि अलीकडे डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन कॅमेरा. एकाही घराने एकट्याने रूढी बदलली नाही. मागच्यापेक्षा जरासेच अधिक, एवढेच प्रत्येकाने केले. विचारावे तर उत्तर ठरलेले, ‘फादर, लोकांसाठी करावं लागतं.’ हे लोक म्हणजे ज्यांनी मागच्या महिन्यात याच वाक्याने स्वतःच्या घरचे लग्न केले ते. ज्याला नोकरी आहे, पाटाच्या पाण्याखाली चार एकर आहेत, त्याला या खर्चाचा धक्का फारसा जाणवत नाही. धक्का बसतो तो वस्तीच्या टोकाच्या घराला. तेथला बाप मुकादमाकडून उचल घेतो, आणि त्या उचलीपायी नवराबायकोचा कोयता एक हंगाम, कधी दोन हंगाम बांधला जातो. लेकीच्या लग्नाचे फोटो घरात लागतात आणि धाकटा मुलगा शाळा सोडून आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातो. नाताळच्या मिस्सेला ते कुटुंब दिसत नाही तेव्हा आम्ही विचारतो, ‘यंदा आले नाहीत का?’ कोणी तरी सांगते, ‘कारखान्यावर आहेत.’ त्या पोराची शाळा कोणी बुडविली? आम्ही त्या ओळीतील प्रत्येक लग्न लावले आहे आणि प्रत्येक पंगतीत पहिल्या रांगेत बसून जेवलो आहोत. जिलेबी चांगली झाली असेही म्हटले आहे.

रस्त्याकडे परत येऊ. लाटांच्या रस्त्याचा एक गुण वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. हळू गेले तर एकेक उंचवटा हाडाला कळतो. वेग वाढवीत नेला की एका टप्प्यावर खडखडाट एकाएकी कमी होतो, कारण चाक खोलगटात उतरेनासे होते, माथ्यामाथ्यावरून निघून जाते. गाडीची पकड त्या वेळी सुटलेली असते, ब्रेक नीट लागत नाही, वळणावर धोका असतो. पण बसणाऱ्याला वाटते, रस्ता चांगला आहे. ज्या वेगाने लाट उभी राहते त्याच वेगाने ती जाणवेनाशी होते. बिघाड करणाऱ्याला बिघाड कळू नये अशी ही विलक्षण योजना आहे, आणि तिच्याविषयी आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाही.

१९९८ साली आम्हांला गुरुदीक्षा मिळाली आणि थोड्याच दिवसांत नेवासे-श्रीरामपूर भागातील एका धर्मग्रामात आमची नेमणूक झाली. धर्मग्रामाची एक जुनी जीप होती आणि आठ-दहा वस्त्या होत्या. त्यांतील एक वस्ती डांबरी रस्त्यापासून आठ किलोमीटर आत, मुरमाच्या वाटेवर. १९७२ च्या दुष्काळात तो रस्ता झाला. वस्तीवरच्या बायाबापड्यांनी त्यावर खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. आमचे धर्मशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांची आईही त्या खडीवर होती. मास्तर साठी ओलांडलेले, सायकलवर हिंडणारे. आम्ही महिन्यातून दोनदा मिस्सेला जात असू आणि नेहमी उशिरा निघत असू, म्हणून नेहमी वेगाने जात असू. एकदा मास्तर हसत म्हणाले, ‘फादर, तुमची जीप गेली की रस्ता दोन दिवस बोलतो.’ आम्हीही हसलो. वाक्य चांगले होते म्हणून आम्ही ते एकदोघांना सांगितलेसुद्धा.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत, एका घरची प्रार्थना आटोपून अंधारात परतताना मास्तरांची सायकल त्याच रस्त्याच्या वळणावर लाटांवरून घसरली आणि ते पडले. खुब्याचे हाड मोडले. निरोप आला तेव्हा आम्ही जीप घेऊन धावलो. जाताना नेहमीच्या वेगाने गेलो आणि रस्ता आम्हांला नेहमीसारखाच बरा वाटला. परतताना मागच्या बाकावर घोंगडीवर मास्तर होते, त्यांच्या मालकीण त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वेगाने जाणे शक्य नव्हते. वळणावर जीप घसरली असती. हळू जावे तर प्रत्येक उंचवट्याला मास्तरांच्या तोंडून आवाज निघत होता. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. ‘हळू, फादर,’ एवढेच म्हणत. याहून हळू जीप जात नव्हती. त्या आठ किलोमीटरांना तासाहून अधिक वेळ लागला. तीन वर्षांत आम्ही त्या वाटेने जेवढ्या वेळा गेलो होतो तेवढ्या सगळ्या वेळा त्या तासात परत आल्या, असे आम्हांला वाटले.

मास्तर बरे झाले, काठी घेऊन चालू लागले. सायकल मात्र कायमची सुटली. त्यांना ज्या लाटेने पाडले ती आमच्या जीपने उठविली होती असे कोणीही म्हणणार नाही. त्या रस्त्याने ऊस जात होता, दूध जात होते, एसटीची गाडी दिवसातून दोनदा जात होती. आमच्या जीपचा वाटा काढावयाचा म्हटला तर हाती जवळजवळ शून्य येते. बरे, जीप सोडून बैलगाडीने जावे म्हटले तर आजाऱ्याला तैलाभ्यंग देण्यास वेळेवर पोचता येणार नाही. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने खऱ्या मोटारीसाठी वेगाची ती मर्यादा इतकी खाली येते की त्या वेगाने कोणी मोटार चालविणार नाही. म्हणजे रस्त्यावर उतरलेला प्रत्येक जण थोडाबहुत लाटा उठविणारच. मग यात पाप कोठे आहे? बुद्धी हा युक्तिवाद करीत होती आणि तो चुकीचा नव्हता. तरी मन स्वस्थ होईना, म्हणून आम्ही एका वृद्ध धर्मगुरूंकडे पापनिवेदनास गेलो. मौनाचे बंधन ऐकणाऱ्यावर असते, सांगणाऱ्यावर नसते. म्हणून पुढचे लिहिता येते.

सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी विचारले, ‘किती वेळा?’ आम्हांला सांगता येईना. मग त्यांनी विचारले, ‘त्या वस्तीवर जाताना तुला उशीर का होत असे?’ हा प्रश्न आम्ही स्वतःला एकदाही विचारला नव्हता. त्या वस्तीच्या आधी, डांबरी रस्त्याला लागून, एका सधन कुटुंबाचा बंगला होता. तेथे चहा होत असे, चहाबरोबर काही खाणे होत असे, वर्तमानपत्र चाळले जाई, कारखान्याच्या निवडणुकीच्या गप्पा होत. वस्तीवरचे लोक थांबतात, कारण त्यांना थांबण्याची सवय असते. बंगल्यावरचे थांबत नाहीत. आमची घाई त्या आठ किलोमीटरांत जन्मली नव्हती. ती चहाच्या दुसऱ्या कपापाशी जन्मली होती. जीप चालविणे हे आमचे कर्तव्यच होते. तो वेग कर्तव्याचा नव्हता. लाटांतील आमचा वाटा शून्याच्या कितीही जवळ असो, त्या वेगातील आमचा वाटा पुरा होता.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. मास्तर पडल्यानंतर गावाने अर्ज-विनंत्या केल्या आणि रस्ता सपाट करणारे यंत्र आले. लांब पाते असलेले, रस्ता खरवडून सारखा करणारे. दोन दिवसांचे काम त्याने अर्ध्या दिवसात उरकले, कारण दुसरीकडे कोणी पुढारी येणार होते. यंत्र गेले आणि रस्ता आरशासारखा दिसू लागला. आठवडाभरात लाटा परत आल्या. पुढे एका निवृत्त रस्ते-अभियंत्याने आम्हांला समजावून सांगितले, की असे यंत्र घाईने चालविले तर त्याचे पातेच उसळू लागते आणि सपाट करता करता खाली बारीक लाटा कोरून ठेवते. वर पसरलेल्या सैल मुरमामुळे त्या दिसत नाहीत एवढेच. शिवाय मुरमात पुरेशी चिकणमाती नसेल, पाणी मारून दबाई केली नसेल, तर कण एकमेकांना धरून राहत नाहीत. प्रयोगशाळेतील त्या ओढलेल्या पात्याविषयी आम्ही बऱ्याच वर्षांनी वाचले तेव्हा आम्हांला हे यंत्र आठवले, आणि खरे सांगावयाचे तर यंत्राआधी आमची स्वतःची काही प्रवचने आठवली. लग्नाच्या खर्चावर एका रविवारी आम्ही असेच पाते फिरविले होते. वस्तीवरच्या दोन घरांची नावे न घेता, पण सर्वांना कळतील अशी, उदाहरणे दिली होती. ती दोन्ही घरे कर्ज काढून लग्न केलेली होती. बंगल्याचे उदाहरण द्यावयाचे आम्हांला सुचले नाही. त्यानंतर वर्षभर ती दोन कुटुंबे देवळात मागच्या दाराशी बसत, आणि खर्च होता तेथेच राहिला. आता आम्ही लग्नाची नोंद करावयास येणाऱ्या दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांशी आधीच, घरी जाऊन, बसून बोलतो. सुरुवात ज्याला परवडते त्याच्यापासून करतो. दोन कुटुंबांनी गेल्या वर्षी धर्मग्रामाच्या सभागृहात साधे जेवण देऊन लग्न केले. बाकीच्यांनी नाही.

त्या मुरमाच्या रस्त्यावर पुढे डांबर पडले. आता तेथे लाटा नाहीत, फक्त गतिरोधकांपाशी, जेथे जड गाड्या एकसारखा ब्रेक लावतात तेथे, उन्हाळ्यात डांबराच्याच वळ्या पडतात.

त्या वृद्ध धर्मगुरूंनी आम्हांला दिलेले प्रायश्चित्त साधे होते. पुढचे तीन रविवार वस्तीवर सायकलने जावे. आमच्याकडे सायकल नव्हती, म्हणून आम्ही मास्तरांचीच मागितली. त्यांनी कारण विचारले नाही. चाकांत हवा भरून घेतली, बसण्याची सीट थोडी खाली करून दिली आणि काठीने रस्त्याची डावी कड दाखवीत म्हणाले, ‘फादर, ह्या कडेनं जा. तिथं गवत आहे, मुरूम पोचलेला नाही. ऊसवाला आला की तेवढं गवतात उतरायचं.’ पहिल्या रविवारी आम्ही बंगल्यासमोरून न थांबता गेलो. मैलभराच्या आतच हात बधिर झाले. ऊसवाला आला तेव्हा आम्ही गवतात उतरलो नाही, कारण उतरावयाला वेळच मिळाला नाही. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर माथ्यामाथ्यावरून धुरळा उडवीत शेजारून गेला. चालविणारा आमच्याच धर्मग्रामातील तरुण होता. त्याने ओळखले, हात उंच केला आणि हसत ओरडला, ‘जय ख्रिस्त, फादर!’ आम्हांला उत्तर देण्यासाठी आधी सायकलवरून उतरावे लागले.